गास्तों दफेर : मार्सेयचे महापौर, पॅरिसचे मंत्री (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे गास्तों दफेर नक्की कोण?

मार्सेय या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदराचे १९५३ ते १९८६ अशी सलग ३३ वर्षं महापौर. शिवाय अनेक वर्षं खासदार, मधे थोडा काळ सिनेटर, फ्रान्सच्या चौथ्या (१९४६ ते १९५८) आणि पाचव्या (१९५८ पासूनच्या) अशा दोन्ही प्रजासत्ताकांत मंत्री, एका दैनिकाचे सर्वेसर्वा, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सपशेल आपटलेले उमेदवार आणि फ्रान्समधल्या शेवटच्या द्वंद्वयुद्धाचे विजेते. हे सगळं एकाच माणसानं एकाच जन्मात केलं. द गोल किंवा मितेराँ या राष्ट्राध्यक्षांइतकं त्यांचं नाव आपल्याकडे पोचलेलं नाही. फ्रान्समध्ये मात्र स्थानिक कारभाराचा विषय निघाला की ‘लोआ दफेर’, म्हणजे दफेर कायदा, निघतोच.

मार्सेय म्हणजे सावरकरांच्या उडीचं मार्सेलिसच ना?

तेच. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली ते हेच बंदर. दफेर यांचा जन्म त्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ सप्टेंबर १९१० चा. गाव मार्सियार्ग, मार्सेयपासून पश्चिमेला, एरो जिल्ह्यात. योगायोगापलीकडे या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, तेव्हा उगाच धागे जोडू नयेत. शहराचं नाव मराठी कानाला ओळखीचं आहे, एवढंच.

राजकारणात आले कसे?

घर प्रोटेस्टंट. कॅथलिक देशातला हा अल्पसंख्य समाज. शिक्षण कायद्याचं. १९३० च्या दशकात मार्सेयला वकिली सुरू केली आणि समाजवादी पक्षात गेले. युद्ध झालं नसतं तर कदाचित चांगले वकील आणि बऱ्यापैकी कार्यकर्ते एवढ्यावरच थांबले असते. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर ते भूमिगत चळवळीत उतरले. ‘ब्रुटस’ नावाचं हेरगिरीचं जाळं होतं. ते चालवणारे त्यांचे वकीलमित्र आंद्रे बोयेर १९४३ च्या अखेरीस पकडले गेले आणि पुढे छळछावणीत वारले. बोयेर यांच्यानंतर जाळ्याची सूत्रं दफेर यांच्या हाती आली.

ऑगस्ट १९४४ मध्ये मार्सेय मुक्त होत होतं. रस्त्यांवर अजून गोळीबार चालू होता, आणि दफेर हत्यारबंद साथीदारांना घेऊन गेले ते थेट ‘ल पती प्रोव्हांसाल’ या दैनिकाच्या कचेरीत. हे दैनिक जर्मन अमलातही छापलं जात होतं. छापखाना ताब्यात घेतला आणि त्याच यंत्रांवर नवं दैनिक सुरू केलं : ‘ल प्रोव्हांसाल’. त्याच दिवसांत शहराच्या हंगामी कारभारी मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. पालिका आणि छापखाना एकाच आठवड्यात हाती आले, म्हणा ना. पालिका लवकरच निसटली. दैनिक त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

फ्रान्समधला महापौर म्हणजे आपल्या महापालिकेतल्यासारखाच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. महाराष्ट्रात महापौर अडीच वर्षांचा. सभागृहाचं अध्यक्षपद आणि मानमरातब त्याच्याकडे, पण फाइलवरची खरी सही आयुक्तांची. फ्रान्सच्या ‘मेर’ला नगरसभाच निवडते, पण मुदत सहा वर्षांची आणि कारभाराची सगळी सूत्रं त्याच्या हाती : कर्मचारी, कंत्राटं, बांधकाम परवाने. शिवाय तो सरकारचा प्रतिनिधीही असतो, म्हणून तिरंगी पट्टा घालून लग्नंही लावतो. पाचशे वस्तीच्या खेड्याचा आणि नऊ लाखांच्या मार्सेयचा, दोघांचाही दर्जा कायद्यानं एकच : मेर. मराठीत महापौर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, पण वाचताना आयुक्त आणि महापौर एकाच खुर्चीत बसलेत असं समजा.

३३ वर्षं खुर्ची टिकवली कशी?

याला एक उत्तर नाही, चार आहेत.

पहिलं म्हणजे कम्युनिस्टविरोध. युद्धानंतर मार्सेयमध्ये कम्युनिस्ट पक्ष जबरदस्त होता. १९४६ मध्ये शहराला कम्युनिस्ट महापौरही मिळाला. दफेर स्वतः डावे, पण १९५३ मध्ये सत्तेवर आले ते मध्यममार्गी आणि उजव्यांची मोट बांधून. ‘कम्युनिस्ट नकोत ना? मग मला मत द्या’ हे गणित त्यांनी दोन दशकांहून जास्त चालवलं. गंमत म्हणजे पॅरिसमध्ये त्यांचा पक्ष १९७२ नंतर कम्युनिस्टांशी हातमिळवणी करून बसला होता आणि मार्सेयमध्ये ते उजव्यांच्या पंगतीला. १९७७ ला त्यांनी दोघांनाही बाजूला सारलं आणि स्वबळावर जिंकले.

दुसरं, पालिकेतली नोकरी. ‘फोर्स उव्रिएर’ या कामगार संघटनेशी त्यांची घट्ट सोयरीक होती. पालिकेत चिकटायचं, बढती मिळवायची, तर संघटनेचा रस्ता सोपा, असा बोलबाला त्या शहरात आजही आहे. टीकाकार याला सरळसरळ वशिलेबाजी म्हणतात आणि मला त्यात चूक दिसत नाही.

तिसरं, दैनिक. सकाळी चहा-कॉफीबरोबर तुमचाच फोटो छापून घरोघरी जात असेल तर प्रचाराला वेगळा खर्च कशाला? १९७१ मध्ये विरोधी उजव्या बाजूचं ‘ल मेरिदियोनाल’ही त्यांच्याच गटाकडे आलं. म्हणजे शहरातले दोन मोठे पेपर, एक डावा, एक उजवा, आणि दोघांच्या वर दफेर.

आणि चौथं, घरं. १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लाखो फ्रेंच लोक बोटी भरभरून मार्सेयच्या धक्क्यावर उतरले. त्या जुलैत दफेर यांनी एका पॅरिसच्या वृत्तपत्राला मुलाखत दिली : शहरात दीड लाख माणसं जास्त झालीत, या लोकांनी दुसरीकडे जाऊन बस्तान बसवावं. हे वाक्य त्यांच्या पाठीमागून कधीच गेलं नाही; अल्जेरियाहून आलेल्या कुटुंबांत ते आजही निघतं. पुढे झालं उलटंच. शहराच्या उत्तरेला उंच इमारतींच्या वसाहतींवर वसाहती उठल्या. १९५४ ला साडेसहा लाखांच्या आसपास असलेलं मार्सेय १९७५ पर्यंत नऊ लाखांवर गेलं. ला कास्तेयान ही त्यांपैकीच एक वसाहत. झिनेदिन झिदान तिथलाच. त्या घरांनी दफेर यांना मतं दिली आणि त्याच घरांनी शहराची गरीब उत्तर आणि सुखवस्तू दक्षिण अशी फाळणीही पक्की केली. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीचा हा सगळ्यात मोठा डाग. तलवारीच्या गोष्टीपुढे तो झाकला जातो.

तलवारीची गोष्ट खरी आहे?

शंभर टक्के. चलच्चित्रही उपलब्ध आहे.

एप्रिल १९६७. संसदेत गरमागरमी चाललेली. दफेर विरोधी डाव्या आघाडीचे गटनेते. द गोलवादी खासदार रने रिबिएर यांच्यावर ते ओरडले, ‘ताझे-वू, आब्रुती!’ मराठीत याचा जवळचा अर्थ ‘गप बस, ठोंब्या!’ दफेर यांनी माफी मागावी, अशी रिबिएर यांची मागणी. दफेर म्हणाले, नाही मागत. मग आव्हान आलं. द्वंद्वयुद्ध केव्हाच कालबाह्य झालेलं होतं. राष्ट्राध्यक्ष द गोल यांनाही हा प्रकार पसंत नव्हता. तरी २१ एप्रिलला पॅरिसला लागून असलेल्या न्योयी इथल्या एका बंगल्याच्या बागेत दोघं खासदार हातात तलवारी घेऊन उभे राहिले. पंच म्हणून तिसरा खासदार, ज्यां द लिपकोव्स्की.

दफेर ५६ वर्षांचे, आणि त्यांना अशा प्रकाराचा अनुभव होता : १९४७ मध्ये पोल बास्तीद या राजकारण्याशी त्यांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं होतं, कुणालाही न लागता संपलेलं. रिबिएर यांच्या हाताला तलवारीची सवय नव्हती. त्यात दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न. चित्रफितीत दिसतं ते एवढंच : झाडं, पांढरे शर्ट, मागे उभी असलेली कोटातली माणसं, आणि दोन मध्यमवयीन गृहस्थ अवघडून पुढे-मागे होताहेत. रिबिएर यांना दंडावर लागलं. त्यांनी थांबायला नकार दिला. पुन्हा लागलं. पंचांनी लढत थांबवली. सगळा खेळ चार मिनिटांचा.

नवरदेव बोहल्यावर सुखरूप चढले.

एकाच माणसाकडे इतकी पदं कशी चालतात?

फ्रान्समध्ये तेव्हा ती पद्धतच होती. ‘देप्युते-मेर’, खासदार-महापौर, हा त्या राजकारणातला नेहमीचा शिक्का. आठवडा पॅरिसात, शनिवार-रविवार आपल्या गावात. आपल्याकडे खासदार आणि आमदार एकदम राहता येत नाही, पण आमदार झालेले नगरसेवक आपण पाहिलेत, त्यातलाच प्रकार. पाचव्या प्रजासत्ताकात मंत्री झाल्यावर खासदारकी सोडावी लागते, महापौरपद मात्र नाही. म्हणून दफेर गृहमंत्री असतानाही मार्सेयचे महापौर होतेच. पदांच्या संख्येवर पहिला लगाम आला १९८५ च्या कायद्यानं, म्हणजे ते मंत्रिमंडळात असतानाच. खासदारानं महापौर असणं बंद झालं ते थेट २०१७ पासून.

आफ्रिकेशी त्यांचा काय संबंध?

१९५६ मध्ये गी मोले यांच्या सरकारात दफेर सागरापार प्रदेशांचे मंत्री झाले. व्हिएतनाम हातचा गेला होता, अल्जेरिया पेटला होता. आफ्रिकेतल्या उरलेल्या वसाहतींतही तीच पाळी येण्याआधी काहीतरी द्यायला हवं, हे त्यांनी ओळखलं. २३ जून १९५६ चा चौकट कायदा (ढोबळ रूपरेषा ठरवणारा) त्यांच्या नावानं ओळखला जातो; वर म्हटलेला ‘दफेर कायदा’ वेगळा, तो पुढे येईल. सर्व प्रौढांना मताधिकार, गोरे आणि काळे यांच्या वेगवेगळ्या मतदारयाद्या रद्द, प्रत्येक प्रदेशात निवडून आलेली सभा आणि तिच्याकडे मर्यादित कारभार. अल्जेरिया यातून वगळला होता. सेनेगलचे लिओपोल्ड सेंगोर यांनी कायद्यावर टीका केली ती आफ्रिकेचे तुकडे पाडणारा म्हणून, आणि ती टीका हवेतली नव्हती : अनेक प्रदेशांचे मोठे संघ दुबळे होऊन प्रत्येक तुकड्याला वेगळी सभा मिळाली आणि १९६० मध्ये स्वतंत्र झाले ते बहुतांशी हेच तुकडे.

त्याच वर्षी, २८ मे १९५६ ला, पुदुच्चेरी भारताला देण्याचा करार दिल्लीत झाला तोही याच मोले सरकारच्या काळात.

राष्ट्राध्यक्ष का झाले नाहीत?

दोनदा प्रयत्न केला.

१९६३ च्या शरदात ‘लेक्स्प्रेस’ साप्ताहिकानं एका ‘मिस्टर एक्स’चं चित्र रंगवायला सुरुवात केली. द गोलना टक्कर देणारा आदर्श उमेदवार कसा असावा, याचं वर्णन आठवड्यामागून आठवडा येऊ लागलं. तो एक्स म्हणजे दफेर हे फार दिवस लपलं नाही. त्यांची योजना होती समाजवादी आणि मध्यममार्गी यांचा एक मोठा संघ बांधायची. मार्सेयमधलंच गणित, देशभरासाठी. जून १९६५ मध्ये वाटाघाटी फिसकटल्या, त्यांनी माघार घेतली, आणि मोकळ्या जागेत फ्रांस्वा मितेराँ उभे राहिले.

१९६९ ला ते खरोखर उभे राहिले. निवडून आल्यास पंतप्रधान कोण, हेही आधीच सांगितलं : पियेर मांदेस फ्रान्स. मतं पडली ५.०१ टक्के. कम्युनिस्ट उमेदवार झाक द्युक्लो यांना २१ टक्क्यांवर. जो माणूस शहरात कम्युनिस्टांना वर्षानुवर्षं रोखतो तो देशात त्यांच्या एक चतुर्थांशावर येतो, यातून काय ते समजा. मार्सेयची मोट मार्सेयपुरतीच होती.

त्यांचं मोठेपण मला दिसतं ते पुढच्या पावलात. ते रुसून बसले नाहीत. जून १९७१ मध्ये एपिने इथल्या समाजवादी पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी आपल्या जिल्ह्याची सगळी मतं मितेराँ यांच्या पारड्यात टाकली. उत्तरेकडून पियेर मोर्वा यांनी तेच केलं. मितेराँ ज्या अधिवेशनात पक्षात आले त्याच अधिवेशनात पक्षाचे प्रमुख झाले. दहा वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष, मोर्वा पंतप्रधान आणि दफेर गृहमंत्री. पंतप्रधान लीलचे महापौर, गृहमंत्री मार्सेयचे. पॅरिसच्या सरकारावर दोन गावकरी!

‘दफेर कायदा’ म्हणजे काय? एवढं काय मोठं त्यात?

आधी ‘प्रीफे’ समजून घ्या. नेपोलियननं १८०० मध्ये प्रत्येक जिल्ह्यावर नेमलेला केंद्राचा अधिकारी. आपल्या जिल्हाधिकाऱ्याशी नातं जुळेल, पण हा त्याहून भारी. जिल्ह्याची निवडून आलेली सभा ठराव करायची, अंमलबजावणी प्रीफे करायचा. सभेला अध्यक्ष होता, पण अंदाजपत्रक मांडायचा प्रीफे आणि कारकूनही प्रीफेचे. गावच्या महापौराचे निर्णयही प्रीफेच्या देखरेखीखाली. अनेक बाबतींत त्याची आधी मंजुरी लागे.

दफेर १९७४ ते १९८१ आपल्या प्रांताच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अध्यक्षस्थानी स्वतः बसायचं आणि अंमलबजावणीची फाइल प्रीफेकडे पाठवायची, हा अनुभव त्यांनी सात वर्षं घेतला होता. मार्सेयचा राजा म्हणवला जाणारा हा माणूस, आणि त्याच्या ठरावावर सही दुसऱ्याची. मंत्रालयात गेल्यावर त्यांनी पहिलं काय हाती घेतलं असेल, याचा अंदाज करायला नको. मेमध्ये सत्ता आली, जुलैत विधेयक संसदेत. आधी सत्ता हलवायची, खात्यांची आणि पैशांची वाटणी मागाहून ठरवायची, हा त्यांचा डाव होता. तपशील ठरवत बसलो तर मंत्रालयं वर्षानुवर्षं घोळ घालतील, हे जुन्या खोडाला पक्कं माहीत होतं.

२ मार्च १९८२ च्या कायद्यानं जिल्हा आणि प्रांत यांचा कारभार निवडून आलेल्या अध्यक्षांकडे गेला. प्रीफेची आधीची मंजुरी संपली. निर्णय बेकायदा वाटला तर त्यानं प्रशासकीय न्यायालयात जावं, एवढंच उरलं. प्रांताला पूर्ण स्थानिक संस्थेचा दर्जा मिळाला. तिथली पहिली थेट निवडणूक मार्च १९८६ मध्ये झाली. हिशेब तपासायला प्रांतिक लेखापरीक्षण न्यायालयं आली. १९८३ च्या कायद्यांनी वाटणी झाली : सामाजिक मदत जिल्ह्याला, नगररचना गावाला, व्यवसाय प्रशिक्षण प्रांताला, नंतर माध्यमिक शाळांच्या इमारतीही जिल्हे आणि प्रांतांकडे गेल्या.

वाचायला रूक्ष आहे, पण प्रत्यक्षात ही घराची वाटणी होती. एकाच इमारतीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी प्रीफेचे कोण आणि जिल्हा सभेचे कोण, हे करार करून ठरवावं लागलं. प्रीफेचं नावही बदललं, ‘प्रजासत्ताकाचे आयुक्त’. १९८८ मध्ये जुनं नाव परत आलं. आणि हे सगळं कुणी केलं? देशभरच्या प्रीफेंचा जो वरिष्ठ असतो, त्या गृहमंत्र्यानं.

टीका ठरलेली : प्रीफेची एक सरंजामी मोडली आणि शेकडो छोटे सरंजाम उभे केले. टीकेत तथ्य आहे. सत्ता नागरिकाकडे गेली असं म्हणण्यापेक्षा दफेर यांच्यासारख्यांकडे गेली, हे अधिक खरं.

गृहमंत्री म्हणून बाकी काय?

बरंच, आणि बरंचसं कटकटीचं. जुलै १९८१ मध्ये मार्सेयजवळच्या ओरियोल गावात ‘साक’ या द गोलवादी संघटनेतल्या माणसांनी आपल्याच स्थानिक प्रमुखाच्या अख्ख्या कुटुंबाला मारलं. वर्षभरानं संघटनेवर बंदी आली. १९८२ च्या सुरुवातीला दहशतवादी कार्लोसचं पत्र आलं, थेट दफेर यांच्या नावे, खाली अंगठ्याचे ठसे : माझी दोन माणसं सोडा. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ज्यू वस्तीत रोझिए रस्त्यावर हल्ला झाला. जून १९८३ मध्ये तर पोलिसांनीच मोर्चा काढला. १९८४ मध्ये गृहखातं गेलं, नियोजन आणि प्रादेशिक विकास मिळालं.

१९८३ मध्ये कमी मतं मिळूनही जिंकले, हे कसं?

पॅरिस, लिओं आणि मार्सेयसाठी डिसेंबर १९८२ मध्ये वेगळा कायदा आला. शहराचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात वेगळी निवडणूक, आणि तिथून आलेले नगरसेवक महापौर निवडणार. मार्सेयचा नकाशा सहा विभागांचा. विभाग पाडणारं खातं गृह, गृहमंत्री मार्सेयचे महापौर आणि उमेदवार. मार्च १९८३ मध्ये शहरभराची बेरीज केली तर उजव्या बाजूचे विरोधक ज्यां-क्लोद गोदें यांच्या याद्यांना जास्त मतं, नगरसेवक मात्र दफेर यांचे जास्त. विरोधकांनी बोटं मोडली. तेच गोदें १९९५ मध्ये महापौर झाले आणि याच विभागवार पद्धतीवर २०२० पर्यंत राहिले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ती बदलली.

घरचं काही?

तीन लग्नं. तिसरी पत्नी एदमोंद शार्ल-रू, १९७३ पासून. त्या कादंबरीकार, १९६६ च्या गोंकूर या साहित्य पुरस्काराच्या मानकरी. दफेर यांचा खरा जीव शिडाच्या बोटींत. त्यांच्या बोटींची नावं ‘पालिनोदी’. शब्दाचा अर्थ आधी म्हटलेलं मागे घेणं! राजकारण्याच्या बोटीला याहून प्रामाणिक नाव सापडणं कठीण.

शेवट कसा झाला?

पक्षाच्या बैठकीत. मे १९८६ च्या पहिल्या आठवड्यात जिल्हा संघटनेत त्यांचाच एकेकाळचा चेला मिशेल पेझे याच्या गटानं त्यांना मतदानात हरवलं. ज्या संघटनेच्या मतांवर त्यांनी मितेराँना उभं केलं होतं, तीच हातची गेली. त्या रात्री घरी ते पडले. ७ मेला रुग्णालयात मृत्यू, वय ७५.

पेझे यांना मात्र खुर्ची मिळाली नाही. ती गेली रोबेर व्हिगुरू या शल्यचिकित्सकाकडे. १९८९ मध्ये पक्षानं पेझे यांना उमेदवारी दिली, व्हिगुरू बंडखोर म्हणून उभे राहिले आणि तोवर आठ झालेले सगळे विभाग जिंकले.

आज मार्सेयला गेलं तर त्यांचं काय दिसेल?

मेट्रो, १९७७ ची. उत्तरेकडच्या वसाहती. ‘ल प्रोव्हांसाल’ आता त्या नावानं मिळत नाही. १९९७ मध्ये ते आणि ‘ल मेरिदियोनाल’ एक होऊन ‘ला प्रोव्हांस’ झालं. जुन्या बंदराच्या काठावर सतराव्या शतकातली पालिकेची इमारत आहे. १९४३ मध्ये जर्मनांनी आजूबाजूची वस्ती सुरुंग लावून उडवली, ही मात्र वाचली. तिच्या समोरूनच पलीकडच्या काठाला जाणारी छोटी फेरीबोट सुटते. बोट सुटली की मागे वळून इमारतीचा सज्जा पाहा.